फोन तेवढा चालू करू नका

ती दुपार मला रोज आठवते असं लिहिलं तर ते खोटं होईल. महिनोन्‌महिने आठवत नाही. मग सोलापूर रस्त्यावर एखादी भाड्याची पांढरी गाडी पोलिसाचा हात बघून वेग कमी करते, आणि मी काचेतून मधल्या सीटवर कोण आहे ते बघतो.

या केसबद्दल मी पुष्कळ ठिकाणी बोललो आहे. नव्या उपनिरीक्षकांसमोर, कॉलेजात, गणेश मंडळाच्या सत्कारात. प्रत्येक वेळी तांब्याच्या बंबाची गोष्ट सांगितली आणि टाळ्या घेतल्या. त्या गाडीत एक बाई होती, हे एकदाही सांगितलं नाही. मुदतीआधी नोकरी सोडली तेव्हा लोकांना कारण म्हणून गुडघे सांगितले. गुडघे खरंच दुखतात, त्यामुळे कोणाला शंका आली नाही.

त्या वेळी मी पुणे शहराच्या पूर्वेकडच्या एका पोलीस ठाण्यात सहायक निरीक्षक होतो. तपास पथक माझ्याकडे होतं. मेफेड्रोन हा अमली पदार्थ, ज्याला पोरं एमडी म्हणतात, त्याचा शहरात सुळसुळाट झाला होता आणि वरून रोज विचारणा होत होती. सकाळची हजेरी संपली आणि माझ्या बातमीदाराचा फोन आला. हा माणूस शब्द मोजून वापरायचा.

"साहेब, आज दुपारी. सोलापूरकडून शेअरिंगची गाडी. माल पॅसेंजरच्या सामानात. ड्रायव्हर कोरा आहे."

"पॅसेंजर कोण? बाई की माणूस?"

"तेही कळलं असतं तर तुमच्या खुर्चीत मीच नसतो का बसलो?"

गाडीचा रंग आणि नंबराचे शेवटचे आकडे, एवढंच हाती आलं. अशी बातमी लिहून वरिष्ठांकडे पाठवावी लागते. ती पाठवली. पंच घेतले, महिला शिपाई बरोबर घेतली, लोणी काळभोरच्या अलीकडे बॅरिकेड लावून उभे राहिलो. इथपर्यंत सगळं कायद्याप्रमाणे झालं.

नाकाबंदीवर पोलीस सामानाआधी चेहरे बघतो. हे आम्हाला कोणी वर्गात शिकवत नाही. जुना हवालदार नव्या शिपायाला शिकवतो. ज्याला झडतीचं काही वाटत नाही त्याच्याकडे काही नसतं, आणि जो आढेवेढे घेतो त्याच्याकडे हमखास असतं. नोकरीभर मी याच गणितावर चाललो. बहुतेक वेळा ते बरोबर आलं, म्हणून कधी तपासून पाहिलं नाही.

गाडी आली. ड्रायव्हर काच खाली करत म्हणाला, "काय झालं साहेब? कागद सगळे हायती."

"कागद नंतर. सगळ्यांना उतरव. आणि तू तोंड बंद ठेवून बाजूला उभा राहा."

मागच्या सीटवर इंजिनिअरिंगची दोन पोरं होती. पुढे पंचावन्नच्या आसपासचे एक गृहस्थ, इस्त्रीचा शर्ट, चष्मा. मधल्या सीटवर खिडकीला टेकून एक बाई.

गृहस्थ आम्ही सांगायच्या आत उतरले. स्वतःची बॅग स्वतः उघडली, कपडे, पंचा, दाढीचं सामान गाडीच्या बॉनेटवर मांडून ठेवलं. "बघा, नीट बघा. तुम्ही उन्हात उभे राहता म्हणून आम्ही घरात झोपतो." डिकीत गोणपाटात गुंडाळलेला तांब्याचा बंब होता, जुन्या घरांत अंघोळीचं पाणी तापवायला असायचा तसला. तोही त्यांनीच सोडून दाखवला. "आईच्या वेळचा आहे. गळायला लागलाय. कसबा पेठेत नेऊन डाग देऊन घेतो. हवालदारसाहेब, आत हात घालू नका, बाह्यांचे बारा वाजतील."

हवालदाराने झाकण उचललं, बॅटरी मारली, वरून टिचकी मारली आणि झाकण लावलं. काळंकुट्ट होतं आत.

"या धुडाचं जादा भाडं मागितलं," ड्रायव्हरला राहवलं नाही, "तर काका म्हणले, बंब काय सीटवर बसणार हाय का?"

सगळे हसले. मीही हसलो. पोरांपैकी एक म्हणाला, "सर, आमच्याकडे लॅपटॉप आहे आणि जर्नल. जर्नल जप्त केलंत तर फार बरं होईल, उद्या सबमिशन आहे."

बाई हसली नाही.

तिची बॅग महिला शिपायाने पोलीस व्हॅनच्या आडोशाला तपासली, अंगझडतीही तिनेच घेतली. मी विचारलं, "काही सापडलं का?" ती म्हणाली, "काही नाही, साहेब." बॅगेत काय काय होतं ते मी इथे लिहिणार नाही. ते तिचं होतं.

पण ती पर्स पोटाशी धरून उभी होती. नजर रस्त्यावर, आम्ही आलो त्या बाजूला नव्हे, सोलापूरच्या बाजूला. "अजून किती वेळ लागेल?" हे ती पुन्हा पुन्हा विचारत होती. तेवढ्यात बंबवाले गृहस्थ माझ्याजवळ आले आणि आवाज खाली आणून म्हणाले, "साहेब, कोणाबद्दल बोलू नये. पण या बाई वाटभर फोनवर मेसेज करत होत्या. हडपसर आलं की कळवते, असं कोणाला तरी म्हणाल्या. मला आपलं खटकलं, म्हणून कानावर घातलं."

माझं गणित जुळलं. मी तिच्याकडे फोन मागितला.

"बंद आहे," ती म्हणाली.

"मग चालू करा."

"साहेब, बॅग बघितलीत. ताईंनी माझी झडती घेतली. पुन्हा घ्या, हवी तितक्या वेळा घ्या. फोन तेवढा चालू करू नका."

"का?"

"चालू केला की त्यांना कळतं मी कुठे आहे."

"कोणाला?"

"नवऱ्याला."

"असं काय केलंय त्याने?"

तिने पोरांकडे पाहिलं, गृहस्थांकडे पाहिलं, ड्रायव्हरकडे पाहिलं. सगळे ऐकत होते. भर रस्त्यात, परक्या माणसांच्या घोळक्यात एखाद्या बाईला असा प्रश्न विचारायचा नसतो, हे मला तेव्हा सुचलं नाही. तिच्या गप्प बसण्याचा अर्थ मी माझ्या सोयीने लावला. पोरांना सोडलं. गाडी, ड्रायव्हर, गृहस्थ आणि ती, सगळ्यांना ठाण्यावर घेतलं.

आता इथे कायदा सांगतो, कारण वाचणाऱ्यांपैकी कोणालाही उद्या नाकाबंदीवर उभं राहावं लागेल. अमली पदार्थाची पक्की बातमी असेल तर गाडी आणि सामान तपासायचा अधिकार पोलिसाला आहे. अंगझडती घ्यायची तर ती राजपत्रित अधिकाऱ्यासमोर किंवा मॅजिस्ट्रेटसमोर घ्या असं म्हणायचा तुमचा हक्क आहे, आणि तो पोलिसाने तुम्हाला आधी सांगावा लागतो. बाईची झडती बाईच घेईल. यातला राजपत्रित अधिकाऱ्याचा हक्क मी तिला सांगितला नव्हता. आणि रस्त्यावर अडवलेल्या प्रवाशाच्या फोनमध्ये सहज डोकावायचा अधिकार मला कोणत्याही कलमाने दिलेला नव्हता. मला हे माहीत होतं. माहीत नव्हतं असं म्हणण्याची सोय मला नाही.

ठाण्यात गृहस्थांना पंख्याखाली खुर्ची दिली, चहा दिला. तिला ठाणे अंमलदारासमोरच्या बाकावर बसवलं. मग माझ्या खोलीत बोलावून विचारपूस केली. कुठे चाललात? धायरीला, मैत्रिणीकडे. मैत्रिणीचं नाव? इमारत कोणती? पुण्यात आणखी कोण आहे? कोणी नाही. तिने सगळं सांगितलं. लपवलं तर मी फोन उघडीन अशी तिला भीती असावी. सगळं सांगून झाल्यावर मी तिच्याकडून घेतलेला फोन टेबलावर ठेवला आणि म्हणालो, "आता चालू करा आणि लॉक काढा. नाहीतर तपासात अडथळा आणला म्हणून वेगळा गुन्हा लागेल."

असा गुन्हा लागला नसता. मी खोटं बोललो.

तिने फोन चालू करून लॉक काढलं. क्षणभर काही झालं नाही. मग फोन थरथरायला लागला. एकामागून एक मेसेज, चुकलेले कॉल. थरथरत थरथरत तो टेबलाच्या कडेपर्यंत सरकला, मी हाताने अडवला. सगळे एकाच नावावरून आले होते. 'घर'.

आमच्याकडे एक पद्धत आहे. एकटी बाई संशयास्पद वाटली की घरी फोन लावायचा. नवरा, बाप, भाऊ, जो उचलेल त्याच्याकडून खात्री करून घ्यायची. ही पद्धत कुठल्या नियमात नाही, पण प्रत्येक ठाण्यात आहे. बाई खोटं बोलत असेल तर उघडी पडते. खरं बोलत असेल तर घरगुती मामला म्हणून घरच्यांच्या ताब्यात देता येते. दोन्हीकडून आपण मोकळे. मी 'घर'ला फोन लावला.

"नमस्कार. पुण्यातून बोलतोय, पोलीस. घाबरू नका, आपल्या मिसेस आमच्याकडे सुखरूप आहेत."

पलीकडचा आवाज मऊ होता. "साहेब, देवासारखे भेटलात. सकाळपासून जिवाचं पाणी झालंय. तिला जरा डोक्याचा त्रास आहे हो, गोळ्या चालू आहेत. कुठे निघाली होती म्हणते?"

"धायरीला. मैत्रिणीकडे." आणि मी मैत्रिणीचं नाव वाचून दाखवलं. इमारतही सांगितली. शांत, सभ्य माणूस वाटला. आपण एका चांगल्या घरावरचं संकट टाळलं, असं काहीतरी मनात आलं.

"तिला तिथेच बसवून ठेवा साहेब. मी निघालोच."

ती टेबलापलीकडे उभी होती. मी फोन ठेवल्यावर खाली बसली. रडली नाही. एवढंच म्हणाली, "आता धायरीही गेलं."

महिला शिपाई दारात होती. "साहेब, जरा बाहेर या." बाहेर व्हरांड्यात ती माझ्याकडे न बघता बोलली. "दंडापासून कोपरापर्यंत वळ आहेत तिच्या. जुने आहेत, ताजे आहेत. पाठीवर भाजल्याचं आहे."

"मग मघाशी का नाही बोललीस?"

"तुम्ही विचारलंत, काही सापडलं का. माल नव्हता, म्हणून नाही म्हटलं."

"बरं, ते नंतर बघू. आधी माल."

हे माझे शब्द आहेत. तिला अजून ते आठवत असतील.

खोलीत येऊन मी त्या फोनकडे बघत बसलो. आता तो थरथरत नव्हता. आणि मग डोक्यात उजेड पडला. सकाळपासूनचे मेसेज एकदम आले, म्हणजे सकाळपासून फोन बंद होता. मग वाटभर ती कोणाला मेसेज करत होती?

ड्रायव्हरला आत बोलावलं. "बाई गाडीत फोनवर होत्या का?"

"छ्या! त्यांनी दोनदा मलाच टाईम विचारला. म्हणलं, ताई, फोन न्हाय का? तर म्हणल्या, बंद हाय. काका मात्र सारखं फोनवर. डुलकी बी घेतली न्हाय माणसानं."

"हे रस्त्यावर का नाही सांगितलंस?"

"तोंड बंद ठेव म्हणलात की साहेब."

पुढे भाषणांत मी नेहमी सांगत आलो की फोनवरून केस उघडली. ते अर्धवट सत्य आहे. जे मला फोनने सांगितलं तेच ड्रायव्हर फुकट सांगणार होता. मी विचारलं नव्हतं, इतकंच.

गृहस्थ चहा संपवून वर्तमानपत्र वाचत होते. मी समोर बसलो.

"बंबाला काय झालंय म्हणालात?"

"गळतो."

"कुठून?"

"बुडातून. सांधा सुटलाय."

"बघू या की." हवालदाराला पाण्याची बादली आणायला सांगितली. बंब फरशीवर उभा केला आणि पाणी ओतायला लावलं. जुना बंब दोन बादल्या सहज पितो, माझ्या आजोळी होता. हा अर्ध्या बादलीतच काठोकाठ भरला. फरशीवर थेंबही पडला नाही. हवालदार बादलीत बघतो, बंबात बघतो, पुन्हा बादलीत बघतो.

"काका," तो म्हणाला, "बंब तर छान आहे. पोट तेवढं भरलेलं दिसतंय."

गृहस्थांनी वर्तमानपत्राची नीट घडी घातली. चेहऱ्यावरचं सहकार्य पुसलं गेलं होतं. "मला वकिलांना फोन करायचाय."

आणि आम्ही त्याला करू दिला. त्याला त्याचे हक्क वाचून दाखवले, समजले का विचारलं, सही घेतली. सहायक आयुक्तांना बोलावलं. त्यांच्यासमोर, पंचांसमोर तांब्याचा पत्रा कापला. आतल्या खोट्या बुडाखाली प्लॅस्टिकची पाकिटं रचलेली होती. वजन केलं, नमुने काढले, लाखेचं सील लावलं. प्रत्येक पायरी काळजीपूर्वक केली, कारण एक पायरी चुकली तर हा कोर्टात सुटेल याची धास्ती होती. ज्याच्याकडे माल होता त्याच्या हक्कांची त्या संध्याकाळी आम्ही काचेच्या भांड्यासारखी काळजी घेतली. जिच्याकडे काही नव्हतं ती बाकावर बसून होती, आणि सोलापूर रस्त्याने एक गाडी पुण्याकडे येत होती.

पंचनामा आटोपून मी बाहेर आलो. ती उठून उभी राहिली. "मी जाऊ का आता?"

दाराबाहेर दिवे लागत होते. मी म्हणालो, "मिस्टर निघालेत. पोचतीलच. थोडं थांबा, त्यांच्या ताब्यात देतो."

"ताब्यात?" ती म्हणाली. "मी काय मुद्देमाल आहे का, साहेब?"

ठाणे अंमलदाराने मान खाली घातली. महिला शिपाई सरळ माझ्याकडे बघत होती, आमच्या खात्यात कनिष्ठाने बघू नये तशी. तिला बसवून ठेवायला माझ्याकडे कुठलंही कलम नव्हतं. डायरीत तिची नोंदही नव्हती.

"जा," मी म्हणालो.

फोन तिच्या हातात दिला. तिने दारातच तो बंद केला. मी विचारलं, "कुठे जाणार आता?"

ती थांबली. "हेही सांगायचं का?"

मी माफी मागितली नाही. तक्रार द्यायची आहे का, डॉक्टरांकडे नेऊ का, संरक्षण हवं का, यातलं काहीही विचारलं नाही. तिला जाऊ दिलं हाच मला त्या वेळी मोठेपणा वाटला. महिला शिपाई तिच्याबरोबर मोठ्या रस्त्यापर्यंत गेली आणि एकटी परत आली. कुठे सोडलं, हे मी विचारलं नाही आणि तिने सांगितलं नाही.

तिचा नवरा आला तेव्हा आम्ही मुद्देमालाच्या कामात होतो. नीटनेटका माणूस, हातात पेढ्यांचा बॉक्स. "सगळ्या स्टाफसाठी," म्हणाला. खुर्चीत बसला आणि पहिला प्रश्न विचारला: "बरोबर कोण होतं?"

हरवलेलं माणूस सापडलं म्हणून धावत आलेले शेकडो लोक मी पाहिले आहेत. ते पहिल्यांदा विचारतात, कशी आहे? काही खाल्लं का? काहींना तर बोलताच येत नाही. बरोबर कोण होतं, हे पहिल्यांदा विचारणारा मी तोच पाहिला.

"एकट्याच होत्या. आता गेल्या. सज्ञान आहेत, त्यांच्यावर काही नाही. आम्हाला थांबवता येत नाही."

मला वाटलं होतं तो चिडेल. तो हसला. "अगदी बरोबर, साहेब. कायदा तो कायदा. धायरी म्हणालात ना? नाव, इमारत, सगळं सांगितलंत, त्यामुळे सोपं झालं. पुण्यात आपली पोरं आहेत. त्यांना पाठवलंय मघाशीच. पेढे घ्या."

मी उठलो. त्या हद्दीतल्या ठाण्याला एक फोन केला असता तर त्यांचे लोक लगेच तिथे पोचले असते. पण मग पत्ता कोणी दिला, बाई ठाण्यात का होती, नोंद कुठे आहे, हे सगळं निघालं असतं. मी फोन केला नाही. कोणाला काही न सांगता माझी गाडी काढली आणि स्वतः निघालो. सिंहगड रस्त्यावर वाहनं मुंगीच्या पावलांनी सरकत होती. पुलाखाली अडकून पडलो. त्या वेळात मी किती वेळा तिचा नंबर लावला, सांगता येत नाही. फोन बंद. माझ्यामुळेच बंद.

धायरीच्या त्या इमारतीच्या जिन्यात दोन पोरं होती. एक पायरीवर बसलेला, दुसरा बेलवर बोट दाबून उभा. आतल्या दाराच्या फटीतून साखळी दिसत होती.

"कोण रे तुम्ही?"

"दादांच्या मिसेसना न्यायला आलोय. तुम्ही कोण?"

मी ओळखपत्र दाखवलं. बेल दाबणारा निर्लज्जपणे म्हणाला, "मग बरंय की साहेब. पत्ता तुम्हीच दिलाय म्हणे."

मी दोघांची नावं घेतली, मोटारसायकलचा नंबर घेतला, आवाज चढवला. आवाज चढवणं मला जमतं. ते गेले. पायांचा आवाज खाली विरल्यावर दाराच्या फटीतून एक बाई म्हणाली, "आपणच का ते?"

"हो."

"फोन आपण केलात?"

"हो."

"पत्ता छान समजावून सांगितलात. पोरं अजिबात चुकली नाहीत."

मी विचारलं, "त्या आल्यात का इथे?"

"नाही. येणारही नाही. ती मूर्ख नाहीये. पुण्यात माझ्याशिवाय तिचं कोणी नाही, हे आपण चौकशीत विचारलंच असेल?"

"विचारलं होतं."

"वाटलंच."

"मी काही करू शकतो का?"

"आपण?" ती म्हणाली. "आपण आता काहीही करू नका. तेवढं केलंत तरी पुष्कळ." दार लागलं. मी बाहेर उभा राहून आतल्या कड्यांचे आवाज ऐकले.

केस उभी राहिली. बंबवाल्याला शिक्षा झाली, पंचनाम्यात वकिलाला एक फट सापडली नाही. मला प्रशस्तिपत्र मिळालं. मधल्या काळात तिच्या नवऱ्याने त्याच्या तालुक्याच्या ठाण्यात बायको हरवल्याची तक्रार दिली, आणि तिथल्या अधिकाऱ्याचा मला फोन आला. "शेवटची तुमच्याकडे दिसलीय म्हणे. जरा लोकेशन काढून द्या ना." मी ते काढू शकलो असतो. एक अर्ज टाकायचा, नंबर कुठे चालू झाला ते कळतं. मी टाकला नाही. हे मी तिच्यासाठी केलं असं वाटून घ्यायला मला आवडतं. पण त्याच अधिकाऱ्याला मी हे सांगू शकलो असतो की ती आपल्या मर्जीने गेली आहे, तिच्या अंगावर वळ होते, माझी महिला शिपाई साक्षीदार आहे, माझा जबाब घ्या. तेही मी केलं नाही. "इथून निघून गेली, पुढचं माहीत नाही," एवढं बोलून फोन ठेवला. खरं सांगायचं तर जबाबात आधी माझं स्वतःचं नाव आलं असतं.

काही महिन्यांनी पुन्हा धायरीला गेलो. फ्लॅटला कुलूप होतं. शेजारचे आजोबा दारातूनच म्हणाले, "गेल्या सोडून. आपण कोण?"

"पोलीस."

"मग तर नवा पत्ता नाहीच. आणि तसाही नाहीये."

त्यानंतरच्या नोकरीत मी रस्त्यावर गाड्या तपासल्या, सामान तपासलं, पण प्रवाशाचा फोन कधी हातात घेतला नाही. एकटी बाई असेल तर तिला बाजूला नेऊन महिला शिपायाला बोलू दिलं, आणि 'काही सापडलं का' याऐवजी 'काही सांगायचंय का' असं विचारायला लावलं. सहकारी म्हणायचे, साहेब मऊ झाले. दुसऱ्यांच्या बॅगा उघडणं नकोसं झालं, तेव्हा नोकरी सोडली.

या केसने काय शिकवलं, असं अशा लेखांच्या शेवटी लिहायचं असतं. झडती देणारा निर्दोष आणि नाही म्हणणारा चोर, हे गणित चूक आहे. चोराला झडतीची तयारी करायला वेळ असतो, जीव वाचवून निघालेल्या माणसाला नसतो. गाडी थांबवायचा अधिकार म्हणजे गाडीतल्या माणसाचं सगळं कळून घ्यायचा अधिकार नव्हे. आणि जे कळलं ते तिसऱ्याला सांगायचा तर नव्हेच.

त्या बाईने हे कधी वाचलं तर तिला एवढंच सांगायचंय. तेव्हा जो जबाब दिला नाही, तो आता द्यायला मी तयार आहे, कुठल्याही कोर्टात, माझ्या नावानिशी. तिला हवा असेल तर. नको असेल तर मला कळवायचीही गरज नाही. माझा पत्ता या मासिकाकडे आहे. तिचा कोणी शोधू नये, मीही नाही.

म्हणून या लेखात तिचं गाव लिहिलेलं नाही. वय नाही, पेहराव नाही, मोठ्या रस्त्यावरून ती कुठल्या बाजूला वळली असेल याचा माझा अंदाजही नाही. वाचणाऱ्यांत तोही असू शकतो. तिच्याबद्दल जे काही वर आलं आहे, ते सगळं त्याला आधीपासून माहीत असलेलंच आहे. धायरी मात्र मी खरं लिहिलं. ते त्याला मीच सांगितलं होतं.